भाकरीवरचं रक्त

पावसाळ्यात चार दिवस गावाला जाऊन आपण परत येतो. कुलूप काढलं की आधी कुबट वास येतो. मग मोरीत पाय धुवायला गेलं, की नळाच्या तोंडाशी, बादलीच्या बुडाशी, साबणाच्या डबीखाली एक गुलाबी, बुळबुळीत कड धरलेली दिसते. आपण ब्रश घेतो, दोन हात मारतो, पाणी ओततो आणि विसरून जातो. आज मी तुम्हाला त्या गुलाबी कडेची गोष्ट सांगणार आहे. या गोष्टीत सिकंदराचं सैन्य आहे, एका पोपची आज्ञा आहे, ब्रिटिश पार्लमेंटात म्हटलेलं शेक्सपिअर आहे, अमेरिकन नौदलाचं एक जहाज आहे, आणि दात काढल्यावर आपल्यापैकी अनेकांनी घेतलेली एक गोळीसुद्धा आहे.

मोरीतलं सगळंच गुलाबी एका जातीचं नसतं, हे आधीच सांगून ठेवतो. पण त्यात बरेचदा सापडणारा एक जिवाणू म्हणजे सेराशिया मार्सेसेन्स. नाव जड आहे, प्राणी मात्र साधा आहे. आकार कांडीसारखा. एकापुढे एक ठेवले तर एका मिलिमीटरच्या रेषेत पाचशे ते हजार मावतील एवढा लहान. तो मातीत असतो, पाण्यात असतो, झाडांच्या मुळाशी आणि किड्यांच्या पोटात असतो. ओल आणि थोडंसं अन्न मिळालं की वाढतो. बेताच्या उबेत वाढताना त्याच्या अनेक वाणांमध्ये एक लालभडक रंग तयार होतो, ताज्या रक्तासारखा. सगळी गोष्ट या रंगापासून सुरू होते.

इसवी सनापूर्वी ३३२ साली सिकंदर टायर या शहराला वेढा घालून बसला होता. हे शहर आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर आहे. वेढा महिनोन्‌महिने चालला होता. अशा वेळी सैनिक भाकरी मोडायला लागले, तर आत रक्ताचे थेंब! छावणीत घबराट पसरली. सिकंदराबरोबर ऍरिस्टँडर नावाचा भविष्यवेत्ता होता. त्याने सांगितलं, रक्त भाकरीच्या बाहेर असतं तर बाहेर बसलेल्या आपल्यावर संकट होतं; ते आत आहे, तेव्हा शहराच्या आत असलेल्यांचंच मरण ओढवणार. सैनिकांना धीर आला. पुढे टायर पडलं आणि तिथे भयंकर कत्तल झाली. ही हकिकत रोमन इतिहासकार कर्टियस याने लिहून ठेवली आहे. भाकरीतलं ते रक्त म्हणजे आपला हा जिवाणू होता, असं आज कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण दमट हवेत ठेवलेल्या पिठाच्या पदार्थावर तो नेमका तसाच दिसतो, एवढं मात्र खरं.

युरोपात मध्ययुगात ही गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. इटलीत बोल्सेना नावाचं गाव आहे. तिथे १२६३ साली एक धर्मगुरू प्रार्थना चालवत असताना हातातल्या पवित्र पोळीतून रक्त ठिबकलं, अशी परंपरा आहे. पुढच्याच वर्षी पोप चौथा अर्बन याने ख्रिस्तदेहाचा सण सगळीकडे पाळण्याची आज्ञा काढली. राफाएल या थोर चित्रकाराने तो प्रसंग व्हॅटिकनच्या भिंतीवर रंगवला आहे. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्या श्रद्धेला हात लावायचं मला कारण नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीला प्रयोगशाळेत तशाच पोळ्यांवर सेराशिया वाढवून पाहिला गेला, तेव्हा त्यावर रक्तासारखे लाल डाग पडले, एवढंच इथे नोंदवतो.

पण याच लाल डागाची एक काळी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. ज्यू लोकांनी पवित्र पोळी चोरली, तिला सुरे खुपसले आणि म्हणून तिच्यातून रक्त आलं, असे आरोप मध्ययुगात वारंवार झाले. १२९८ साली जर्मनीत फ्रँकोनिया प्रांतात अशाच एका आरोपावरून आग भडकली आणि ज्यूंच्या कित्येक वस्त्यांची कत्तल झाली. अशा आरोपांपैकी किती ठिकाणी खरोखर लाल डाग दिसले होते आणि किती ठिकाणी नुसतीच आवई उठवली होती, हे आता शोधता येणार नाही. मारायचंच ठरवलेल्या माणसाला पुरावा लागतच नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण जिथे डाग दिसले असतील तिथे एका मुक्या, निरागस जिवाणूच्या नावावर माणसांनी माणसं मारली, असं म्हणावं लागेल.

यावर पहिला उजेड पडला तो १८१९ च्या उन्हाळ्यात. इटलीतल्या पाडुआ शहराजवळ लेन्यारो नावाचं खेडं आहे. तिथल्या शेतकऱ्यांचं रोजचं अन्न पोलेंटा, म्हणजे मक्याचं पीठ शिजवून केलेली घट्ट उकड. त्या वर्षी हवा उष्ण आणि दमट होती. एका शेतकऱ्याच्या घरात रात्रीचा पोलेंटा सकाळी लाल झालेला निघाला. फेकून दिला, नवा केला, तोही लाल. बातमी गावभर झाली. घरावर दैवी कोप झाला म्हणून लोकांची रीघ लागली. शेवटी सरकारला दखल घ्यावी लागली आणि व्हिन्चेन्झो सेत्ते नावाच्या डॉक्टरला चौकशीला पाठवण्यात आलं. त्याच सुमारास बार्तोलोमेओ बिझिओ नावाच्या एका तरुण औषधशास्त्रज्ञानेही आपल्या परीने तपास सुरू केला.

बिझिओने काय केलं, ते फार साधं आणि म्हणूनच फार मोठं आहे. त्याने लाल पोलेंटाचा अंश घेऊन ताज्या, चांगल्या पोलेंटाला लावला आणि तो उबदार, ओलसर जागी ठेवला. एका दिवसात तोही लाल झाला. म्हणजे हा शाप एका घरापुरता नव्हता. तो कुणाच्याही घरात, ठरवून, हवा तेव्हा आणता येत होता. जो चमत्कार हुकमी करून दाखवता येतो, त्याची भीती कुणाला वाटणार? हे सगळं पाश्चरच्या जिवाणूंवरच्या कामाच्या जवळजवळ ४० वर्षं आधी घडत होतं. बिझिओला हा जीव म्हणजे एक प्रकारची बुरशी वाटली. त्याची ती समजूत चुकीची होती, पण लाली एका जिवंत, वाढणाऱ्या वस्तूची आहे हे त्याने अचूक ओळखलं.

नाव ठेवतानाही त्याने एक गंमत केली. सेराफिनो सेराती नावाच्या एका इटालियन पदार्थवैज्ञानिकाने वाफेची बोट इतरांच्या आधी चालवली आणि श्रेय मात्र दुसऱ्यांना मिळालं, असं बिझिओचं मत होतं. त्या सेरातीच्या स्मरणार्थ त्याने या जीवाला सेराशिया म्हटलं. मार्सेसेन्स म्हणजे लॅटिनमध्ये कोमेजणारा, कारण हा सुंदर लाल रंग टिकत नाही. बोटीचं श्रेय नाकारलं गेलेल्या माणसाचं नाव असं मोरीतल्या गुलाबी कडेला चिकटून अमर झालं!

पुढे १८४८ साली बर्लिनमध्ये उकडलेल्या बटाट्यावर अशीच लाली दिसली. एरेनबर्ग या नामांकित शास्त्रज्ञाने ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. ग्रीक-रोमन काळापासूनच्या 'रक्ता'च्या हकिकती त्याने गोळा केल्या आणि या जीवाला चमत्कार करणारा अशा अर्थाचं 'प्रॉडिजिओसा' हे नाव दिलं. पुढे कित्येक दशकं वैज्ञानिक त्याला त्याच नावाने ओळखत. १८७० च्या दशकात जर्मन संशोधकांनी बटाट्याच्या कापांवर असे रंगीत जिवाणू वाढवले, तेव्हा प्रत्येक रंगाचा ठिपका वेगळा, स्वतंत्र वाढतो हे दिसून आलं. घन पदार्थावर एकेक जात वेगळी करून वाढवायची रॉबर्ट कॉखची रीत याच वाटेने पुढे आली. क्षयाचा आणि पटकीचा जिवाणू पकडायला ती रीत उपयोगी पडली. म्हणजे आपल्या या लालबुंद पाहुण्याने विज्ञानाला मदतच केली.

आता त्याच्या आयुष्यातला दुसरा अध्याय. प्रयोगशाळेत त्याची ओळख काय झाली? डोळ्यांना लगेच दिसणारा, वाढवायला सोपा आणि कुणाला काही न करणारा. 'निरुपद्रवी' हा शिक्का त्याच्यावर बसला आणि पुढची ७०-८० वर्षं टिकला. मग त्याला कामाला लावण्यात आलं. काम कोणतं, तर खुणेचं. जिथे अदृश्य जंतू कुठून कुठे जातात हे पाहायचं असेल, तिथे हा लाल जिवाणू सोडायचा आणि तो कुठे उगवतो ते पाहायचं. जमिनीखालून पाणी कुठे झिरपतं हे पाहायला आपण विहिरीत रंग टाकतो ना, तसंच.

१८९० च्या दशकाच्या अखेरीला ब्रेस्लाऊ शहरात कार्ल फ्ल्यूगे याने हेच केलं. बोलताना, खोकताना, शिंकताना तोंडातून उडणाऱ्या तुषारांबरोबर जंतू हवेतून जातात, हे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या जिवाणूच्या मदतीने दाखवलं. कोरोनाच्या साथीत २०२० साली आपण सगळ्यांनी तोंडावर पट्टी बांधली, त्यामागच्या विचाराची एक मुळी तिथवर जाते.

१९०६ चा प्रसंग तर नाटकात शोभावा असा आहे. ब्रिटिश पार्लमेंटातल्या हवेबद्दल तक्रारी होत्या. एम. एच. गॉर्डन नावाच्या जिवाणूतज्ज्ञाने सभागृह रिकामं असताना तिथे जागोजागी काचेच्या बशा मांडल्या, या जिवाणूंच्या पाण्याने चक्क गुळण्या केल्या आणि मोठ्या आवाजात शेक्सपिअरचे उतारे म्हणायला सुरुवात केली. नंतर बशांमध्ये लाल ठिपके उगवले. बोलणाऱ्याच्या तोंडातले जंतू सभागृहात कुठवर पोहोचतात, याचा तो नकाशाच होता. गॉर्डनला काही झालं नाही. धडधाकट माणूस होता. हे 'धडधाकट' शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

याच काळात न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचा एक तरुण शल्यविशारद अस्वस्थ होता. हाडाच्या कर्करोगाने गेलेली १७ वर्षांची एक मुलगी त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. जुनी कागदपत्रं चाळताना त्याला एका रुग्णाची नोंद सापडली. मानेवर गाठ असलेल्या त्या माणसाला धावरे नावाचा त्वचेचा जंतुसंसर्ग झाला आणि ताप उतरला तेव्हा गाठही गेली होती! कोलीने धावऱ्याचे जंतू मुद्दाम टोचून पाहिले. काहींना गुण आला, काही दगावले. मग त्याने ते जंतू मारून, त्यात आपल्या लाल जिवाणूचे मारलेले अंश मिसळून एक मिश्रण केलं. १८९३ साली ते मिश्रण मिळालेल्या १६ वर्षांच्या एका मुलाची मोठी गाठ हळूहळू विरघळली. तो मुलगा पुढे २६ वर्षं जगला आणि हृदयविकाराने गेला. कोलीचे प्रयोग आजच्या कसोट्यांना उतरणार नाहीत. सगळ्यांना गुण आलाच नाही. क्ष-किरणांचे उपचार आल्यावर त्याची पद्धत मागे पडली. पण शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करून कर्करोगाशी लढवता येते, ही त्याची कल्पना खोटी नव्हती. त्याच दिशेने झालेल्या संशोधनाला २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, हा जिवाणू फारच गुणी निघाला. तसं अनेकांना वाटलं. आणि म्हणूनच १९५० चा सप्टेंबर उजाडला.

दुसरं महायुद्ध संपलं होतं, शीतयुद्ध पेटत होतं. शत्रूने समुद्रावरून जंतू फवारले तर आपलं एखादं मोठं शहर किती सापडेल, हा प्रश्न अमेरिकी लष्कराला पडला होता. उत्तरासाठी त्यांनी स्वतःचंच शहर निवडलं, सॅन फ्रान्सिस्को. आठवडाभर नौदलाच्या एका जहाजाने किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरून, धुक्याबरोबर शहराकडे जिवाणूंचे ढग सोडले. त्यात एक जात आपल्या सेराशियाची होती. कारण काय? लाल असल्यामुळे ओळखायला सोपा, आणि निरुपद्रवी. शहरात ४३ ठिकाणी नमुने घेतले गेले. शहरातल्या ८ लाख लोकांपैकी जवळजवळ प्रत्येकाने हे कण हजारोंनी श्वासातून आत घेतले असणार, असा लष्कराचा हिशेब निघाला. प्रयोग यशस्वी झाला होता. त्या ८ लाखांपैकी कुणालाही विचारलेलं नव्हतं, कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत शहरातल्या एका रुग्णालयात डॉक्टर बुचकळ्यात पडले. मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या रुग्णांच्या तपासणीत लाल जिवाणू उगवू लागला. त्या रुग्णालयात तो यापूर्वी कधी दिसलेला नव्हता. असे एकूण ११ रुग्ण झाले. त्यांतला एक, पंचाहत्तरीचा निवृत्त कामगार, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर बरा होत होता. जिवाणू त्याच्या रक्तात शिरला, हृदयाच्या झडपेवर जाऊन बसला आणि तो दगावला. हे इतकं विलक्षण होतं की डॉक्टरांनी १९५१ साली त्यावर वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. जहाजाबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं.

जहाजाची गोष्ट बाहेर यायला २६ वर्षं लागली. १९७६ च्या अखेरीला ती वर्तमानपत्रात आली. १९७७ साली सिनेटपुढच्या सुनावणीत लष्कराने मान्य केलं, की १९४९ ते १९६९ या काळात उघड्यावर असे २३९ प्रयोग झाले होते. वर्तमानपत्र उघडून बसलेल्या त्या कामगाराच्या नातवाला आपले आजोबा कशाने गेले असावेत हे तेव्हा कळलं. तो स्वतः वकील होता. त्याने सरकारवर दावा लावला. १९८१ साली खटला चालला आणि तो हरला. अपिलातही हरला. सरकारी बाजू अशी, की फवारणीमुळे झालं असतं तर शहरातल्या इतर रुग्णालयांतही रुग्ण सापडले असते. हे सगळे एकाच रुग्णालयातले, तेव्हा संसर्ग तिथेच झाला असला पाहिजे. जहाजावरचा जिवाणू आणि त्या झडपेवरचा जिवाणू एकच होता, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही.

या युक्तिवादावर जरा थांबू या. कारण तो खरा मानला, तरी त्यातून एक मोठी गोष्ट कळते. त्या रुग्णांच्या शरीरात जिवाणूला वाट कुणी करून दिली? उपचारांनीच. मूत्रमार्गात घातलेल्या नळीने, शस्त्रक्रियेने, म्हातारपणाने थकलेल्या शरीराने. धडधाकट गॉर्डन जिवाणूंच्या गुळण्या करून शेक्सपिअर म्हणू शकला, कारण त्याची कातडी, त्याचं रक्त, त्याच्या पेशी पहारा देत होत्या. पहारा ढिला पडला आणि किल्ल्याला खिंडार पडलं, तर पाणी भरणारा कोळीसुद्धा आत शिरतो. जिवाणू तोच होता. बदललं होतं ते शरीर.

पुढच्या दशकांत हे पुन्हा पुन्हा दिसून आलं. रुग्णालयांत शिरेतून सलाइन, मूत्रनळी, कृत्रिम श्वासोच्छ्वास, काचेच्या पेटीत वाढवलेली अपुऱ्या दिवसांची बाळं, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं हे सगळं वाढत गेलं आणि त्याबरोबर सेराशियाच्या संसर्गाच्या नोंदी वाढत गेल्या. तो साबणाच्या बाटलीत सापडला, पातळ केलेल्या जंतुनाशकात सापडला, कॉन्टॅक्ट लेन्सच्या डबीत सापडला. २००४ साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या एका कारखान्यात फ्लूच्या लसीत तो निघाला आणि अमेरिकेला त्या हिवाळ्यासाठी हव्या असलेल्या लसींचा जवळजवळ निम्मा साठा बाद झाला. २०११ साली अमेरिकेत अलाबामा राज्यात शिरेतून द्यायच्या पोषक द्रावणात तो शिरला. सहा रुग्णालयांतल्या १९ रुग्णांना संसर्ग झाला, ९ दगावले. शोध घेतला तेव्हा द्रावण बनवण्याच्या जागी नळाच्या तोटीवर तोच जिवाणू सापडला. नळाच्या तोटीवर! आपल्या मोरीत बसतो तसाच.

यातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट रंगाची आहे. हा जिवाणू लाल असतो म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवला गेला; दिसतो, म्हणजे सापडतो. पण लाल रंग बनतो तो ३० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली. माणसाच्या शरीराच्या ३७ अंशांच्या उबेत बहुतेक वाण रंग बनवत नाहीत. आणि आजार घडवणारे रुग्णालयातले बहुतेक सेराशिया तर मुळातच बिनरंगी असतात. म्हणजे दोन हजार वर्षं माणूस ज्याला भ्यायला तो लाल ठिपका बहुधा काही करत नव्हता. जो मारतो तो दिसतच नाही. आणखी एक अवघड बाब आहे. काही नेहमीची प्रतिजैविकं त्याच्यावर जन्मतःच चालत नाहीत. इतर औषधं थकली की शेवटचा उपाय म्हणून वापरलं जाणारं कोलिस्टिनही त्याला दाद देत नाही.

आता ती गोळी. दात काढल्यावर, हाडाला मार लागल्यावर, सूज उतरावी म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षं एक नाव लिहून दिलं गेलं, सेराशियोपेप्टिडेज. नावातच आपला पाहुणा बसलेला आहे, पण किती जणांच्या ते लक्षात आलं असेल? रेशमाच्या किड्याच्या आतड्यात सापडलेल्या सेराशियाच्या एका वाणापासून जपानमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीला हे विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळं करण्यात आलं. प्रथिनं कापणारी ती कात्रीच. सुजेतला चिखल ती कापून काढेल, अशी कल्पना. औषध जपानमध्ये चाललं, भारतात तर वेदनाशामकाच्या जोडीने घरोघरी पोहोचलं. पुढे जपानमध्ये नकली गोळीशी तुलना करून नीट चाचण्या घेतल्या, तेव्हा ठळक फायदा दिसला नाही आणि २०११ साली मूळ कंपनीने ते तिथल्या बाजारातून स्वतःहून काढून घेतलं. इथे कुणी घाबरून जाऊ नये. गोळीत जिवंत जिवाणू नसतो, फक्त त्याने बनवलेलं विकर असतं. आणि चालू असलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडूही नये. प्रश्न वेगळा आहे. ज्याचा उपयोग नीट पारखलेला नाही ते औषध आपण इतकी वर्षं इतक्या विश्वासाने का घेतलं?

तरीही त्याच्या खऱ्या उपयोगांची यादी छोटी नाही. याच जिवाणूच्या दुसऱ्या एका विकराचा नकाशा उचलून कारखान्यात ते विकर बनवतात आणि अनेक लसी तयार करताना नको असलेला डीएनए तोडायला वापरतात. ज्याने २००४ साली लसी बाद केल्या, त्याचीच कात्री लसी शुद्ध करते! किड्यांच्या कवचात असतं ते कायटिन हा जिवाणू फार सफाईने फोडतो, म्हणून पिकांवरच्या किडी आणि बुरशी यांच्याविरुद्ध त्याचा अभ्यास चालतो. त्याचा एक भाऊबंद न्यूझीलंडमध्ये कुरणं खाणाऱ्या अळ्यांवर जैविक औषध म्हणून विकला गेला आहे. हिवतापाच्या डासाच्या पोटात राहणाऱ्या सेराशियाच्या एका वाणात जनुकीय बदल करून, डासातच हिवतापाच्या परजीवीची वाढ रोखता येते, हे २०१७ साली प्रयोगशाळेत दाखवलं गेलं.

आणि उलटा हिशेबही आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर एका जातीच्या प्रवाळांवर पांढरे चट्टे पडून ते मरू लागले. २००२ साली त्याचं कारण सेराशिया असल्याचं जाहीर झालं. पुढे संशोधकांनी दाखवलं, की तो माणसांच्या सांडपाण्यातून समुद्रात गेला होता. जिवाणू आपल्याला आजारी पाडतात हे आपण नेहमी ऐकतो. इथे आपण आपला जिवाणू पाठवून समुद्राला आजारी पाडलं.

मग हा जिवाणू चांगला की वाईट? लेन्यारोच्या शेतकऱ्यांनी तो वाईट ठरवला, निव्वळ रंगावरून. लष्कराने तो निरुपद्रवी ठरवला, धडधाकट माणसांवरून. औषधाच्या बाजारात तो गुणकारी ठरला, नीट तपासायच्या आधीच. तिन्ही वेळा चूक एकाच जातीची झाली. आपण जिवाणूच्या कपाळावर शिक्का मारला आणि तो कुठे आहे, कोणाच्या शरीरात आहे, कोणत्या वाटेने आला आहे, हे विचारायचं विसरलो. 'निरुपद्रवी' या शब्दापुढे नेहमी 'कोणाला?' असं विचारावं. त्या ११ रुग्णांनाही ते विचारायचा हक्क होता. त्यांना ती संधीच मिळाली नाही, ही या गोष्टीतली खरी सल आहे.

तेव्हा मोरीतली गुलाबी कड दिसली तर घाबरू नका, घासून टाका आणि जागा कोरडी ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्सची डबी नळाच्या पाण्याने धुऊ नका. बाळंतिणीच्या खोलीत तान्ह्याला उचलून घ्यायच्या आधी हात साबणाने धुवा, आणि रुग्णालयात भेटायला जाल तेव्हा आजाऱ्याच्या नळ्यांना हात लावू नका. तुम्ही धडधाकट आहात, तुम्हाला काही होणार नाही. पण समोरच्या खाटेवर जो पडलेला आहे, त्याचा पहारा आज ढिला आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)